चाळीसाव्या मिनिटाचं बारसं

सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही एकवीस वर्षं कोथरूडला व्हिडिओ लायब्ररी चालवलीत. ज्या महान चित्रपटांनी तुमचं आयुष्य समृद्ध केलं, त्यांच्याविषयी लिहा." मी म्हणालो, बाई, माझं घर चाललं ते मारामारीच्या आणि रडारडीच्या कॅसेटींवर. महान चित्रपटांनी फक्त वरच्या फळीवरची जागा अडवली. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मी चौथी पास. त्यातली चौथी दोनदा. लिहितो म्हणालो, पण माझी अट होती. शुद्धलेखन सुधारा, मत सुधारू नका. त्यांनी मान्य केलं, म्हणून हे तुमच्यासमोर आलं आहे. ज्यांना महान चित्रपटांविषयीच वाचायचं आहे त्यांनी पान उलटावं, पुढं कविता आहेत.

लायब्ररीच्या आधी मी पेठेतल्या एका थिएटरात डोअरकीपर होतो. हातात बॅटरी, पाठ पडद्याकडे. लोक पडदा बघायचे, मी लोक बघायचो. पिक्चर कसा आहे हे पडद्यावर कधीच कळत नाही, ते खुर्चीत कळतं. बरा असेल तर माणूस पुढं सरकतो. वाईट असेल तर शेजाऱ्याशी बोलतो. आणि पेपरात फार नाव झालेला असेल तर हलत नाही, बोलत नाही, फक्त अधूनमधून बाकीच्यांकडे बघतो, की यांना कळतंय का. असा माणूस बाहेर पडला की मी मुद्दाम विचारायचो, "कसा वाटला साहेब?" तो म्हणायचा, "विचार करायला लावणारा आहे." म्हणजे झोप झाली.

पुढं लायब्ररी काढली आणि हे ज्ञान पक्कं झालं. त्याचं कारण आजच्या पोरांना समजावून सांगावं लागेल. व्हिडिओ कॅसेटला समोरून दोन काचेच्या खिडक्या असायच्या. आत दोन चाकं. पिक्चर सुरू व्हायच्या आधी सगळी फीत डाव्या चाकावर. जसा बघाल तशी ती उजवीकडं जाते. संपला की डावं चाक बारीक, उजवं जाड. बघून झाल्यावर फीत पुन्हा मागं गुंडाळून द्यायची, असा नियम. पण पाळतंय कोण? निम्मी गिऱ्हाइकं आहे तशी कॅसेट यंत्रातून काढायची आणि पिशवीत टाकून आणायची. तोंडानं काहीही बोलू दे, मी आधी खिडकीत बघायचो. "अप्रतिम हो! काय तो अभिनय!" आणि डावं चाक पुरणपोळी खाल्ल्यासारखं जाड. म्हणजे अभिनय वीस मिनिटं बघितला.

मी दुकानात पाटी लावणार होतो: "फीत मागे गुंडाळून द्यावी. न दिल्यास कुठवर पाहिली ते आम्हास कळते." बायकोनं लावू दिली नाही. म्हणाली, "एक गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही." मग दुसरी लावली, ती शेवटपर्यंत होती: "आमची कॅसेट खराब निघत नाही. निघाल्यास आपले यंत्र तपासावे." ही पाटी लक्षात ठेवा.

नुसते महान पिक्चरच फसवतात असं नाही, धो धो चाललेले पण फसवतात. एक बँकेतले साहेब होते. सगळं गाव रडलं असा एक कौटुंबिक पिक्चर त्यांनी नेला, परत दिला, आणि चार दिवसांनी पुन्हा मागायला आले.

"परवाच नेला होता की साहेब."

"हो. आमच्या घरात मी सोडून सगळे रडले. माझं काहीतरी बघायचं राहिलंय."

पुन्हा नेला. पुन्हा परत. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. आणून दिला तेव्हा डोळे लाल.

"शेवटी रडलात वाटतं?"

"रडलो. तिसऱ्यांदा बघावा लागला म्हणून."

असा प्रामाणिक माणूस मी दुसरा बघितला नाही. म्हणजे वानखेडेताई येईपर्यंत.

दुकानाच्या मागच्या सोसायटीत एक चित्रपट मंडळ होतं. आठ घरं. महिन्याला एक पिक्चर ठरवायचे, प्रत्येकानं माझ्याकडून कॅसेट नेऊन आपापल्या घरी बघायचा, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यावर चर्चा. चर्चेत एखादा तुकडा दाखवायला टीव्ही आणि व्हीसीआर मी घेऊन जायचो आणि यंत्राजवळ बसायचो. मंडळाचे प्रमुख गोगटेसर, कॉलेजातून निवृत्त झालेले. फार शिकलेला माणूस. "या दृश्यातलं मौन बोलतं," असं ते म्हणायचे. काय बोलतं ते मात्र कधी सांगितलं नाही.

एका महिन्यात त्यांनी परदेशातला एक पिक्चर ठरवला. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. कव्हरवर बक्षिसांची रांग. गोष्ट अशी: एक माणूस पाठीवर लाकडी दरवाजा बांधून डोंगर चढतो. झाली गोष्ट. दोन तास वीस मिनिटं. मी त्याला 'दरवाजावाला' म्हणायचो. मूळ कॅसेट मुंबईच्या एका माणसाकडून दोन दिवसांसाठी उसनी आणली, तिची नक्कल भरून घेतली, कव्हरची झेरॉक्स काढून डब्याला लावली आणि मूळ परत केली. धंद्यात तेव्हा सगळे असंच करायचे. बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

पहिला नंबर गोगटेसरांचा. त्यांनी दोन दिवसांनी कॅसेट आणून काउंटरवर ठेवली. "सोपानराव, हा अनुभव शब्दांत सांगता येत नाही," म्हणाले आणि गेले. मी खिडकीत बघितलं. डावं चाक टम्म. यंत्रात घालून आकडा बघितला तर बरोबर चाळीस मिनिटं. पुढं बघितलंच नव्हतं तर सांगणार काय!

आणि इथं माझ्याकडून चूक झाली. मी लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटींच्या नकला पण भरून द्यायचो. दोन यंत्रं वायरीनं जोडायची, एकात मूळ, दुसऱ्यात कोरी कॅसेट. कोरी नेहमी सुरुवातीलाच असते, म्हणून मागंपुढं बघायचं कारण नाही. भरलेल्या कॅसेटच्या पाठीवरचा एक बारका प्लास्टिकचा दात मोडायचा असतो, तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरलं जात नाही. दरवाजावाल्याचा दात मोडायचं मी विसरलो होतो. त्यात वाघोलीचे एक बागायतदार आले, त्यांच्या नातवाच्या बारशाची नक्कल घ्यायला. "आवरा पाव्हणं, टेम्पो हुबा हाय," म्हणून डोक्यावर बसले. घाईत मी कोरी समजून काउंटरवरची कॅसेट उचलली. दोन्ही डब्याबाहेर पडलेल्या, दिसायला सारख्याच. यंत्र काय, जिथं फीत थांबलेली असते तिथून भरायला लागतं. बारसं भरलं, आणि पाव्हण्यांच्या हातात गेली ती खरी कोरी.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे परत. "आवो, ह्येच्यात नुसत्या मुंग्या दिसत्यात." मी यंत्राला शिव्या घातल्या, त्यांना पुन्हा नक्कल भरून दिली आणि विषय संपवला. पहिली नक्कल कुठं गेली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. चौथी दोनदा केली ती उगाच नाही.

मग महिनाभर ती कॅसेट मंडळाच्या बाकीच्या सात घरांत फिरली. एक जण म्हणाला, "जबरदस्त." कुलकर्णीबाई, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, "शेवट अंगावर येतो." एक डॉक्टर म्हणाले, "दरवाजा हे प्रतीक आहे." मी मान डोलावली. सात घरांतून एक तक्रार नाही.

चर्चेच्या आदल्या दिवशी वानखेडेताई आल्या. यवतमाळकडच्या. नवरा कारखान्यात, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन कोथरूडला राहायला आलेले. ताई घरी ब्लाउज शिवायच्या. बायका ब्लाउज टाकायला त्यांच्या दारात यायच्या, पण दोन वर्षांत एकीनं चहाला बोलावलं नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. त्यांना मंडळात यायचं होतं. मंडळाची रीत अशी की नव्या माणसानं त्या महिन्याच्या पिक्चरवर पाच मिनिटं बोलायचं, ते पटलं तर घ्यायचं. त्यासाठी त्यांनी दरवाजावाला नेला.

रविवारी सकाळी त्या कॅसेट घेऊन आल्या. हातात मुलीची वही. फीत मागं गुंडाळलेली.

"पिच्चर मले जड गेला जी," त्या म्हणाल्या. "पण घेतला होता म्हणून पुरा पाह्यला. एक विचारू? ते मंधात बारसं कुणाचं होतं?"

"कसलं बारसं?"

"तो मानूस डोंगर चढते न, तं एकदम बारसं लागते. पाळणा, पेढे, सारं. अर्धा तास. मंग पुन्हा तो मानूस, तोच डोंगर."

मी वर बघितलं. समोर माझीच पाटी. 'आमची कॅसेट खराब निघत नाही.' आणि मी, वय वर्षं पन्नास, तोंड वर करून म्हणालो, "परदेशी पिक्चर आहे, ताई. ते लोक मधेच असलं काहीतरी घालतात."

"पण मराठी बोलत होते."

"डबिंग केलंय तेवढ्यापुरतं."

ताईंचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे मले जे वाटलं ते बरोबर हाय!" आणि वही छातीशी धरून गेल्या.

मी कॅसेट लावून बघितली. चाळीसाव्या मिनिटाला वाघोली. बारसं संपलं की पुन्हा तो माणूस. खरं सांगतो, मधे काही बुडालं असं वाटत सुद्धा नव्हतं.

संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, मी यंत्र लावलं. गोगटेसरांनी सुरुवातीचं दृश्य दाखवायला सांगितलं. तेच सांगणार. मग ते बोलले. "शेवटाकडे जाताना दिग्दर्शक आपल्याला एकटं सोडतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मग वानखेडेताई उभ्या राहिल्या. नवी साडी. पदर दोनदा सारखा केला. वही उघडली आणि वाचायला लागल्या.

"मला या चित्रपटातलं बारसं सगळ्यात आवडलं. ज्या घरी बारसं आहे, ते घर नवीन बांधलेलं आहे. चौकट आहे, पण दार नाही. दाराच्या जागी चादर लावलेली आहे. म्हणून मला असं वाटलं, की तो माणूस जो दरवाजा नेते, तो त्याच घरासाठी नेते. बाळ आलं आहे आणि घराला दार नाही, म्हणून त्याला घाई आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. डॉक्टर म्हणाले, "बारसं? कुठल्या भाषेत हो?"

"मराठीत. डबिंग आहे."

मग हॉल फुटला. कुलकर्णीबाईंनी तोंडाला रुमाल लावला. गोगटेसर तेवढे हसले नाहीत. फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आपला डोळा लागला असेल. होतं असं. प्रत्येक कलाकृती प्रत्येकासाठी नसते."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमीच सांगा न जी. तुमच्याच दुकानातली हाय."

मी यंत्राच्या वायरी नीट करायला लागलो. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला माझी पाटी दिसत होती. या आठ घरांवर दुकान उभं होतं. ताईंनी वही मिटली. पर्समध्ये घालायला गेल्या, तर वही मोठी आणि पर्स बारकी. ती काही केल्या मावेना. घडी घातली, दाबली, पण चेन लागेना. सगळे हसतायत आणि ही बाई मान खाली घालून ती चेन ओढतेय.

मी उठलो.

"ताईंचा डोळा लागला नव्हता," मी म्हणालो आणि फीत पुढं पळवली.

डोंगर, दरवाजा, डोंगर, दरवाजा, आणि धाडकन पाळणा. फुगे. फेटा बांधलेले आजोबा. मागं चौकट आणि तिला फुलांची चादर.

"हे काय आहे?" गोगटेसर म्हणाले.

"बारसं आहे, सर. वाघोलीचं. माझ्या हातून चुकून भरलं गेलं."

"म्हणजे तुम्ही कॅसेट खराब केलीत!"

"केली. पण त्यानंतर सात घरांत फिरली, सर. सातही घरांनी छान म्हणून परत दिली. बारसं एकट्या ताईंना दिसलं. आणि त्यांनी विचारलं तर मी डबिंगची थाप मारली. त्यांचा यात काही दोष नाही."

मग कुलकर्णीबाईंनी रुमाल खाली घेतला. "मी पंचविसाव्या मिनिटाला पोळ्या करायला उठले," त्या म्हणाल्या, "ती उठलेच." डॉक्टर म्हणाले, "मी सुरुवात आणि शेवट बघितला. मधलं पळवलं." एका साहेबांनी तर डबाच उघडला नव्हता, कव्हरच्या मागचं वाचलं होतं. शाळेत पोरं गृहपाठ केला नाही म्हणून एकामागून एक उभी राहतात, तसं चाललं होतं.

गोगटेसर मात्र हुशार माणूस. ते म्हणाले, "पण बरोबर तिथेच कसं काय सुरू झालं?"

"यंत्र फीत थांबलेली असते तिथून भरतं, सर. आधीच्या गिऱ्हाइकानं चाळीसाव्या मिनिटाला थांबवली होती."

"आधीचं गिऱ्हाईक कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

मी गोगटेसरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागले. फार वेळ पुसला.

"आता लक्षात नाही," मी म्हणालो. त्या दिवसातली माझी दुसरी थाप. तिचा मला पश्चात्ताप नाही.

मी यंत्र बंद करायला गेलो तर कुलकर्णीबाई ओरडल्या, "राहू द्या! नाव काय ठेवतात ते बघू." आणि काय सांगू, पस्तीस मिनिटांचं ते बारसं पूर्ण मंडळानं बघितलं. एक माणूस उठला नाही. नाव ठेवलं तेव्हा दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा दरवाजावाला लागला. ताई म्हणाल्या, "आता इथून पुढं चांगला हाय," पण तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मी पण वायरी गुंडाळल्या, दुकान उघडायचं होतं.

ताईंना मंडळात घेतलं. पुढच्याच आठवड्यात कुलकर्णीबाईंनी चहाला बोलावलं, ते पण ब्लाउजचं काम नसताना. गोगटेसर वर्षभर दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "सोपानराव, काहीतरी विनोदी द्या. आणि वर्तमानपत्रात गुंडाळून." परत आणली तेव्हा उजवं चाक जाड होतं.

पाटी मी त्याच रात्री उतरवली असं लिहायला आवडलं असतं. नाही उतरवली. तिच्याखाली एक ओळ वाढवली: "अपवाद एक." ताईंना मात्र मी तोंडानं कधी माफी मागितली नाही. महिनाभर कॅसेटी फुकट न्या म्हणालो, तर म्हणाल्या, "मले फुकट नको. खरं सांगत जा फक्त." ते एक मनाला लागून राहिलंय. हॉलमध्ये मी उठलो ते सगळ्यांना आठवतं. सकाळी मी त्यांना खोटं सांगून त्या हॉलमध्ये पाठवलं होतं, ते मला एकट्याला आठवतं.

आता कॅसेटी गेल्या. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. पोरानं वाघोलीला फ्लॅट घेतला, आम्ही तिकडंच असतो. सुनेनं मध्यंतरी त्या नव्या टीव्हीवर तो दरवाजावाला शोधून दिला. "बाबा, तुम्ही एवढं सांगता त्याच्याविषयी, एकदा बघा तरी." या टीव्हीत एक गंमत आहे. प्रत्येक पिक्चरच्या चित्राखाली बारीक लाल रेघ येते, तुम्ही कुठवर बघितला ते दाखवायला. माझ्या दोन खिडक्यांचाच प्रकार, फक्त आता सगळ्या घराला दिसतो. मी तो पिक्चर चार वेळा लावला. लाल रेघ तिसऱ्या हिश्शाच्या पुढं काही सरकत नाही. सून जाता-येता बघते.

वानखेडेताई अजून फोन करतात. आता नात झालीय त्यांना. हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यांचा फोन आला.

"बारशाचं लिहिता म्हणे. भाऊ, तुमी तो पिच्चर पुरा पाह्यला का कधी?"

"पाहिला की. मागच्याच महिन्यात."

"कसा वाटला?"

"अप्रतिम."

ताई म्हणाल्या, "मंग सांगा बरं, त्यानं तो दरवाजा शेवटी कुठं नेऊन लावला?"

सून समोर सोफ्यावर बसली होती. टीव्ही चालू होता, आणि चित्राखालची लाल रेघ तिथंच.

"वाघोलीला," मी म्हणालो.

"हां," ताई म्हणाल्या, "मले बी तसंच वाटलं होतं."